गणपतीच्या खोक्यातलं पाकीट

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. मुलीपाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि ज्याच्याबरोबर अडतीस वर्षं संसार केला त्या अविनाशपाशीही नाही. तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे. पण एक आधीच सांगून ठेवते — सांगता सांगता मला चेव येणार आहे. आवाज चढेल, हातवारे होतील, कारण त्या केसमधला शब्दन् शब्द मला पाठ आहे आणि अजूनही तो आठवला की अंगावर काटा येतो. भीतीचा नव्हे हो, आनंदाचा! लाज वाटायला हवी ना? वाटते. पण आधी चेव येतो नि मग लाज वाटते, त्याला काय करू?

तर ऐका.

आमचं गाव कॅनडात, ग्वेल्फपासून अर्ध्या तासावर. नाव नाही सांगत, लहान गाव आहे, लगेच ओळखतील. मी ग्वेल्फला खाद्यतेलांच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं नोकरी केली. तिथे वहीत आकडा चुकला तर खोडायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि खाली आपली सही. हे माझ्या हाडात मुरलेलं होतं, असं मी स्वतःला सांगत असे.

रिटायर झालो तोवर अविनाशचे दोन्ही गुडघे गेलेले. झोपायच्या खोल्या वर, वॉशरूम वर, आणि जिना चौदा पायऱ्यांचा. सातव्या पायरीवर तो थांबायचा, कठडा धरून, आणि मला सांगायचा — "काही नाही गं, जरा बाहेर बघतोय." अहो, तिथे खिडकीच नाही! भिंत आहे! तेव्हा मी पदर खोचला. म्हटलं, मागच्या अंगाला तळमजल्यावर एक खोली आणि वॉशरूम बांधायचीच.

टाऊन हॉलमध्ये परमिटच्या काउंटरवर डोरीन नावाची बाई बसायची. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, बोलायला अगदी मऊ. तिने आमचा नकाशा तपासला, शिक्का मारला आणि परमिट हातात ठेवलं. गुडघ्यांचं ऐकून म्हणाली, माझ्या आईचंही असंच होतं, बांधा लवकर. मी घरी येऊन अविनाशला म्हटलं, या देशात सरकारी काउंटरवर इतकी चांगली माणसं बसतात, आपल्याकडे अशी कधी बसणार?

पण नकाशात एक घोळ होता. मागच्या कुंपणापासून जेवढी जागा मोकळी सोडायला हवी, तेवढी सुटत नव्हती. हातभर कमी पडत होती. डोरीनच्या नजरेतून ते निसटलं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरच्याही. सप्टेंबरच्या मध्यावर पायाचं काँक्रीट ओतलं. आठवड्यात टाऊनचा माणूस दारात. काम थांबवा, पाया फोडा. का तर म्हणे, परमिट चुकून दिलं होतं, आणि हे आम्ही तुम्हाला काँक्रीट ओतायच्या आधीच पत्राने कळवलं होतं.

पत्र? कसलं पत्र? आम्हाला काही पत्रबित्र आलेलं नव्हतं! मी त्या माणसाला दारातच असं झापलं की तो दोन पायऱ्या खाली उतरला. आणि हे लक्षात ठेवा — त्या दिवशी मी खरं बोलत होते. छातीवर हात ठेवून सांगते, त्या दिवशी, नि पुढचं जवळजवळ वर्षभर, मी खरंच बोलत होते.

मग काय, लढाई! गावाच्या कमिटीने त्या हातभर जागेची सूट नाकारली. आम्ही प्रांताच्या बोर्डाकडे अपील केलं. वकील मिळाला जिग्नेश नावाचा, स्कारबरोचा गुजराती पोरगा, हुशार. त्याच्याशी सगळं हिंदीत. पहिल्याच भेटीत म्हणाला, "आंटी, केस तो हम जीत जाएँगे. लेकिन खर्चा? खर्चा यहाँ कोई नहीं देता." म्हणजे असं, की या बोर्डापुढे तुम्ही जिंकलात तरी वकिलाचा खर्च तुमचा तुम्हीच सोसायचा. समोरचा अगदीच अन्यायाने वागला असेल, ताळतंत्र सोडून वागला असेल, तरच बोर्ड त्याला खर्च भरायला लावतं. क्वचित. माझे कान टवकारले. म्हटलं, परमिट द्यायचं, मग गप्प बसायचं, काँक्रीट वाळेपर्यंत वाट बघायची आणि मग फोडा म्हणायचं — हा अन्याय नाही? जिग्नेश हसला. म्हणाला, चिट्ठी आली नसेल तर आहे. आली असेल तर नाही. सगळी केस त्या पत्रावर उभी आहे.

मला पैशाचं काही नव्हतं, खरं सांगते. मला ते क्वचित मिळणारं हवं होतं! टाऊनने आमच्यावर अन्याय केला असं बोर्डाच्या कागदावर, छापील अक्षरात. तीस वर्षांत या देशात कोणी माझं चुकलं असं म्हटलं की मी मान खाली घालून सॉरी म्हणत आले होते. आता ते म्हणणार होते. मी फायली लावल्या, रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, फोटो काढले. मुलगी एडमंटनहून फोनवर म्हणायची, "आई, यू आर एन्जॉइंग धिस!" हो बाई, करत होते. विशीत होते तेव्हापासून इतकी ताजीतवानी झाले नव्हते.

आता ते पाकीट. येतेच त्यावर. टाळत नाहीये — टाळतेच आहे म्हणा.

आमच्या घरची एक रीत आहे. कॅनडाचा व्हिसा आला तेव्हापासूनची. सरकारी किंवा महत्त्वाचं पाकीट आलं की उघडायचं नाही. आधी देवापुढे ठेवायचं, हळदीकुंकवाचं बोट लावायचं, आरती झाली की मग उघडायचं. मुलीची युनिव्हर्सिटीची ॲडमिशन, सिटिझनशिप, अविनाशच्या प्रमोशनचं पत्र, सगळं असंच. आणि गणपतीत तर गणपतीपुढेच. आमची मूर्ती पितळेची आहे. सातव्या दिवशी बादलीतल्या पाण्यात बुडवून तिचं विसर्जन करायचं, पुसायची, लाल कापडात गुंडाळायची आणि खोक्यात घालून बेसमेंटमध्ये, पुढच्या वर्षापर्यंत.

कळलं ना तुम्हाला?

पहिल्या वर्षी हिअरिंगबिअरिंग काही नव्हतं, काँक्रीटही व्हायचं होतं, आणि आमच्याकडे गणपती बसले होते. तीस माणसं जेवायला. मी पुरणाच्या हाताने मेलबॉक्स उघडला, टाऊन हॉलचं पाकीट दिसलं. म्हटलं, पायाच्या कामाचा काहीतरी होकार असणार. कुंकवाचं बोट लावलं, मूर्तीखालच्या लाल कापडाच्या घडीत सरकवलं नि कढईकडे पळाले. कोणाला बोलले नाही. त्यानंतर ते पाकीट माझ्या डोक्यातून जे गेलं ते गेलंच. गौरी आल्या, गौरी गेल्या. सातव्या दिवशी मीच ते कापड मूर्तीभोवती गुंडाळलं.

दुसऱ्या वर्षी, हिअरिंगच्या बारा दिवस आधी, मी खोका वर आणला. कापड उलगडलं. वाळलेल्या दूर्वा खाली पडल्या आणि त्यांच्याबरोबर ते पाकीट. त्यावर माझ्या बोटाचा ठसा. कुंकू काळपट पडलं होतं, पण बोट माझंच. जिन्याखाली उभी होते, तिथेच खाली बसले.

उघडलं. पत्र होतं. काँक्रीट ओतू नका, आमची चूक झाली आहे, सूट मिळण्यासाठी अर्ज करा. आणि पत्राला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, हाताने लिहिलेली. डोरीनचं अक्षर गोल, शाळेतल्या मुलीसारखं. तिने लिहिलं होतं, की नकाशात चूक माझीच झाली, तुमची नाही. प्लीज काम सुरू करण्याआधी मला फोन करा. अर्ज भरायला मी थांबेन तुमच्यासाठी, ऑफिस सुटल्यावरसुद्धा. तुमच्या मिस्टरांना खोली मिळायलाच हवी.

काय करायला हवं होतं? एक रेघ मारायची, खरं शेजारी लिहायचं, सही करायची. फोन तिथे भिंतीवर होता. जिग्नेशला सांगायचं, बेटा, चिट्ठी आई थी. फार तर काय झालं असतं? खोलीची परवानगी कदाचित तरीही मिळाली असती — हातभर जागेचा तर प्रश्न. खर्च मिळाला नसता, एवढंच. आणि ते छापील अक्षर मिळालं नसतं. मी पाकीट पुन्हा कापडात ठेवलं. फाडून टाकायचा विचार आला, पण देवापुढचं, कुंकू लावलेलं — ते कचऱ्यात कसं टाकायचं? बघा, तेवढं पाप मला नको होतं! दुसऱ्या दिवशी जिग्नेशचा फोन. "आंटी, पक्का ना? चिट्ठी नहीं आई थी?" मी म्हटलं, पक्का.

आणि ती हिअरिंग! काय सांगू तुम्हाला! मी जरीकाठी साडी नेसले, वर काळा ब्लेझर. टाऊन हॉलच्याच वरच्या मजल्यावर ती खोली, समोर बोर्डाचा एकच माणूस, पांढऱ्या मिशांचा, भारी नीटस. शपथ घेतली. टाऊनची वकीलबाई उंच, टाचा टॉक टॉक वाजवणारी. तिने विचारलं, हे पत्र तुम्हाला मिळालं होतं का? माझं काळीज असं धडधडत होतं — आणि मजा वाटत होती! मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, घरात इतकी पत्रं येतात, एखादं हरवलं असेल? बस, तिने बॉल माझ्या हातात दिला. मी ताठ बसले. म्हटलं, मॅडम, आमच्या घरी सरकारी पत्र आलं की ते आधी देवापुढे ठेवतात. आम्ही ते देवाला दाखवल्याशिवाय उघडतसुद्धा नाही. ज्या घरात पत्राची पूजा होते, तिथे ते हरवेल कसं?

मिशांचा माणूस हसला आणि त्याने ते लिहून घेतलं.  जिग्नेशने टेबलाखालून अंगठा दाखवला. आहाहा! खरी रीत, खरा देव, खरं कुंकू — आणि त्या सगळ्याच्या जोरावर मी धडधडीत खोटं बोलले होते. त्या क्षणी मला त्यातलं काही टोचलं नाही. मला फक्त उंच उडाल्यासारखं वाटलं.

मग डोरीनला बोलावलं. ती म्हणाली, पत्र मीच पाकिटात घातलं, वर हाताने चिठ्ठी लिहिली, पिवळी. जिग्नेश उठला. पत्राची प्रत फाईलमध्ये आहे, पण पाठवल्याची नोंद आहे? नाही. चिठ्ठीची प्रत? नाही, ती मी आपली मनाने लिहिली. त्यात काय होतं? की चूक माझी झाली. म्हणजे, जिग्नेश म्हणाला, नोकरीला लागल्यापासूनची सगळ्यात मोठी चूक तुम्ही एका कागदावर कबूल केलीत आणि तो कागद जगात कोणीच पाहिला नाही? पत्र मागाहून तयार करून फाईलमध्ये नाही ना घातलं? खोलीत कोणीतरी हसलं. डोरीनने दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. मदतीसाठी पाहावं तसं. मी फाईलमधली एक रंगीत चिठ्ठी नीट चिकटवत बसले.

परत येताना गाडीत अविनाश म्हणाला, "ती बाई खोटं बोलतेय असं वाटलं नाही गं मला." मी त्याच्यावर खेकसले, तू कोणाच्या बाजूचा आहेस? 

आठ आठवड्यांनी निकाल आला. ते पाकीट मी देवापुढे ठेवलं नाही. मेलबॉक्सपाशीच, बर्फात उभी राहून फाडलं. जिंकलो! खोली मंजूर. आणि खर्चही! टाऊनचं वागणं अन्यायाचं ठरलं, सगळा खर्च त्यांनी भरायचा. मी बर्फात उड्या मारल्या, साठीची बाई! शेजारचा म्हातारा फावड्याने बर्फ उपसायचा थांबून बघत राहिला. आमच्या मराठी मंडळाने सत्कार केला, मी हक्कांसाठी कसं लढावं यावर पाऊण तास बोलले आणि लोक पुढे कित्येक महिने आपापले नकाशे माझ्याकडे घेऊन यायचे. निकालात एका जागी लिहिलं होतं, की अर्जदारांच्या घरात पत्रांना जो मान दिला जातो तो पाहता त्यांची साक्ष पटते. त्याच्याच खालच्या ओळीत डोरीनचं पूर्ण नाव होतं, आणि तिची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही, असं. छापील अक्षरात. मला हवं होतं ना छापील अक्षर?

तिला काउंटरवरून आतल्या खोलीत हलवलं. मग वर्षभराने ती गेलीच, लवकर रिटायर होऊन. मी म्हटलं, वयच झालं होतं तिचं.

दोन वर्षांनी मी फुलझाडं आणायला नर्सरीत गेले, तर काउंटरवर डोरीन. तोच चष्मा, तीच दोरी. पळून जावंसं वाटलं, पण तिने ओळखलं होतं. तिने पहिलं काय विचारलं असेल? गुडघे कसे आहेत. खोली आवडली का त्यांना. मी म्हटलं, हो, छान आहे. मग जिरेनियमच्या कुंड्या खोक्यात भरता भरता ती म्हणाली, की ती चिठ्ठी मी घातली होती असं मला अगदी स्पष्ट आठवतं. पण आता वाटतं, नसेलही घातली. माझ्या आईला शेवटी काही आठवत नव्हतं, मलाही तेच सुरू झालं की काय म्हणून मी डॉक्टरकडे जाऊन मेंदू तपासून घेतला. त्यांना काही सापडलं नाही. पण आपलाच आपल्यावर विश्वास राहिला नाही की नोकरी कशी करणार? आणि ती हसली.

एक वाक्य. एवढंच लागत होतं. रांगेत मागे कोणीही नव्हतं. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, होतं असं कधीकधी या वयात. आणि जिरेनियम घेऊन आले. तुम्हाला कबूल करायची गोष्ट कोणती म्हणाल तर ती शपथेवरची नाही, ही. तिथे मला चेव आला होता असं म्हणता तरी येईल. इथे काय होतं? ऊन होतं, दुपार होती, नि मी पूर्ण शुद्धीत होते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माझं मनगट मोडलं. प्लास्टर. दरवर्षी तो खोका मीच उघडायचे, मीच बांधायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाही. या वेळी मी डॉक्टरकडून आले तोवर अविनाशने तो वर आणून उघडला होता. दारातूनच दिसलं. मूर्ती पाटावर, लाल कापड खाली, आणि कापडावर ते पाकीट. वरचा शिक्का, तारीख, माझं बोट. उघडलेलं. चष्मा त्याच्या कपाळावर होता, म्हणजे वाचून झालं होतं.

मी वाट पाहिली. ओरडेल, विचारेल. तो म्हणाला, "तबक कुठे ठेवलंयस?"

सात दिवस ते पाकीट गणपतीपुढे राहिलं. पाहुणे आले, आरत्या झाल्या, कोणीतरी विचारलं, कसलं पत्र आहे? अविनाश म्हणाला, जुनं आहे. सातव्या दिवशी त्याने स्वतः ते मूर्तीबरोबर गुंडाळलं. आणि त्याच संध्याकाळी आपली उशी उचलून तो वर गेला. "गुडघ्यांना जरा व्यायाम हवा," म्हणाला. तेव्हापासून तो वरच झोपतो. त्या खोलीत, जिच्यासाठी हे सगळं झालं, तिथे मी एकटी.

रोज सकाळी तो उतरताना मला खाली ऐकू येतं. सातव्या पायरीवर तो थांबतो. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी असते. तो काही बोलत नाही आणि मीही विचारत नाही की कसा आहेस. मग उरलेल्या सात पायऱ्या.

त्या वकीलबाईने विचारलं होतं, हे पत्र तुम्हाला मिळालं होतं का?

हो. मिळालं होतं. डोरीनने ते पाठवलं होतं, आणि त्यात पिवळी चिठ्ठीही होती.